विश्रांतीची बॅटरी

विश्रांतवाडीत राहणाऱ्यांना विश्रांती मिळते, असा एक समज आमच्या कोथरूडच्या नातेवाइकांत आहे. आमच्या चौकात संध्याकाळी साडेसहाला दहा मिनिटं उभं राहिलं की तो फिटतो. आळंदीहून येणारे, धानोरीकडे वळणारे, विमान चुकणारच या खात्रीनं विमानतळाकडे धावणारे आणि टिंगरेनगरात नेमकं कशाला निघालो होतो हे विसरलेले, असे सगळे एकाच वेळी तिथे जमतात आणि हॉर्न वाजवून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात. मग लोहगावच्या धावपट्टीवरून उठलेलं एखादं लढाऊ विमान या सगळ्यांचा आवाज पुसून टाकतं. तेवढीच काय ती शांतता.

तरी गावाच्या नावात आहे म्हणजे कुठेतरी असणारच, या श्रद्धेनं निवृत्तीनंतर मी विश्रांती शोधायला लागलो. ती मला एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या बाकाखाली सापडली. वजन पन्नासेक किलो, व्होल्ट बारा.

त्याचं असं झालं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्या बातमीचं कात्रण मी फ्रिजवर चिकटवलं आणि बायकोनं त्याच्या कोऱ्या कडेला दुधाचा हिशेब लिहायला सुरुवात केली. हिशेब वाढत गेला, कात्रण पिवळं पडलं आणि मी निवृत्त झालो. हातात थोडे पैसे आले होते. त्यांतून मी एक वापरलेली ट्रॅव्हलर घेतली. आधीच्या मालकानं हौसेनं तिच्यात पलंग, ओटा, वीतभर बेसिन, छोटा फ्रिज, दोन पंखे, इन्व्हर्टर आणि टपावर सोलरचं पॅनेल बसवून घेतलं होतं. पुढे त्याची हौस फिटली किंवा त्याच्या घरच्यांची सहनशक्ती संपली. विकणारा खरं कारण सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

चाकांवरचं बिऱ्हाड आपल्याला नवं नाही. धनगराचं घोड्यावर, ऊसतोडीचं बैलगाडीत, तमाशाच्या फडाचं ट्रकमध्ये. ज्येष्ठात दिंड्यांचे ट्रक तर आमच्याच रस्त्यानं जातात: वर राहुट्यांचे बांबू, आत पिठाची पोती आणि मागोमाग पाण्याचा टँकर. पण ही सगळी बिऱ्हाडं पोटासाठी नाहीतर देवासाठी हलतात. काही काम नसताना, कुणी बोलावलं नसताना, घर उचलून धोम धरणाच्या पाण्याकाठी नेऊन ठेवायचं आणि तिथे बसून घरी करतो तोच चहा करायचा, ही कल्पना साहेबाची. त्यानं त्यासाठी लागणाऱ्या बॅटरीचं नावही तसंच ठेवलंय. लीझर बॅटरी. म्हणजे फुरसतीची. मी तिला विश्रांतीची म्हणतो, पत्त्याशी जुळतं.

अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. बॉनेटखालची कामाची. ती लग्नातल्या मामासारखी. भाचीला एकदा मांडवात आणून उभं केलं की मामाचं काम संपलं, मग दिवसभर खायचं. सेल्फ मारताना दोन-तीन सेकंद ती शेकडो अँपिअर ओतते आणि पुढचा सगळा प्रवास अल्टरनेटरकडून वसूल करते. मागची बॅटरी म्हणजे मावशी. रात्रभर रुखवताजवळ बसून कुणाला चहा, कुणाला पांघरूण, कुणाला अमृतांजन. जोर बेताचा, पण दम मोठा. दोघींचं आतलं हाडही त्यामुळे वेगळं: मामाच्या पोटात शिशाच्या पातळ पट्ट्या पुष्कळ, मावशीच्या पोटात थोड्या पण जाड. आमची मावशी दीडशे अँपिअर-तासांची, ट्युब्युलर. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवणाऱ्या या शहरात घरोघरी इन्व्हर्टरखाली जी काळी-निळी पेटी बसलेली असते, तिचीच बहीण.

दोघांना वाढणारा अल्टरनेटर मात्र एकच, आणि मध्ये एक रिले. मामाचं पोट भरत आलं, व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर चढलं, की हा रिले ‘टक्’ करून मावशीचं पान मांडतो. व्होल्टेज १२.८ च्या खाली उतरलं की पान उचलतो. आधी पोटोबा, मग विठोबा. ही म्हण वायरिंगमध्ये घालून ठेवलेली मी आयुष्यात प्रथमच पाहिली आणि गाडीवर माझा जीव जडला.

आता विठोबाकडे वळतो, कारण भांडं तिथेच फुटलं.

ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते ती दिघीवरून, आमच्या चौकातून, पुढे फुलेनगरकडे. त्या दिवशी आमची सोसायटी सेवा करते. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाय चेपून देणं, दाढी-कटिंग. गेल्या वर्षी सभेत मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, वारकऱ्याला हल्ली दोन गोष्टींची ओढ असते, एक विठ्ठल आणि दुसरा चार्जर. पहिल्याची सोय झालेली आहे. दुसऱ्याची आमची गाडी करील. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी फ्लेक्स करून आणला: ‘माउली मोबाइल चार्जिंग सेवा’. त्यावर माउलींपेक्षा अध्यक्ष थोडे मोठे आले होते, पण ते आता सगळीकडेच असतं.

मी गणित करून ठेवलं होतं. चाळीस मोबाइल, प्रत्येकी दहा वॅट, झाले चारशे. इन्व्हर्टर स्वतःची दलाली कापणार, म्हणजे बॅटरीतून ओढले जाणार पस्तीस ते चाळीस अँपिअर. बॅटरीचा निम्मा साठा वापरायचा नियम पाळला तरी पावणेदोन तास हरकत नाही. पहिली दिंडी आली, मोबाइल आले, कुणाच्या मोबाइलवर विठ्ठल, कुणाच्या नातू, प्रत्येकाला मी चिकटपट्टीवर नंबर लिहून दिला. एकविसाव्या मिनिटाला इन्व्हर्टरनं ‘टीं टीं’ केलं. चोविसाव्याला तो गप्प झाला. चाळीस मोबाइल आणि त्यांचे चाळीस मालक माझ्याकडे बघत होते. त्यांतले एक आजोबा, मुंडासं सावरत, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “राहू द्या माउली. पंढरपुरात लाइट असती.”

तळमजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला आणि सेवा पुढे चालू झाली. फ्लेक्स तसाच राहिला. काकूंनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, पण त्यानंतर जिन्यात भेटल्या की “गाडी कशी आहे?” असं विचारतात, आजारी माणसाबद्दल विचारतात त्या आवाजात.

बिघाड जाहीर झाला की निदान करणारे आपोआप येतात. हा अनुभव मला गुडघ्याच्या बाबतीत होताच.

पहिला आला भाचा. खराडीला आयटीत आहे. त्यानंच वर्षापूर्वी बॅटरीला ब्लूटूथचं एक यंत्र लावून दिलं होतं, बॅटरीत किती शिल्लक आहे ते मोबाइलवर दाखवणारं. त्यानं ॲप उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. शंभर टक्के. “मामा, बॅटरी फुल्ल आहे. तुमचा इन्व्हर्टर गंडलाय.” मी त्याच्या तोंडासमोर पंख्याचं बटण दाबलं. पंख्यानं एक आळस दिला आणि तो थांबला. भाचा ॲपकडे बघत राहिला. त्याच्या पिढीला पंख्यापेक्षा ॲप जवळचं. पुढे कळलं ते असं की हे यंत्र बॅटरीत डोकावत नाही, फक्त दारात बसून आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते मांडतं. सुरुवातीची शिल्लक आपण सांगायची. बसवताना बॅटरी भरलेली नव्हती आणि भाच्यानं ‘भरलेली’ असं टिपून ठेवलं होतं. तिथून पुढचा जमाखर्च बिनचूक होता.

दुसरं निदान बॅटरीच्या दुकानातलं. “गेली, साहेब. नवीन टाका.” हे त्यानं गाडी दुकानासमोर थांबायच्या आत सांगितलं. त्याच्या ठामपणाचा मला हेवा वाटला.

तिसरं वॉचमनचं. तो म्हणाला, “काका, गाडी जागची हालत न्हाई, मग चार्ज कशी व्हईल?” हे फार जिव्हारी लागलं, कारण त्यात तथ्य होतं. मी गाडी रोज सकाळी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवत असे, तुळशीला पाणी घातल्यासारखी. आयडलवर अल्टरनेटर जेमतेम मामाचं भागवतो. दीडशेची बॅटरी निम्मी उतरली असेल तर पंचाहत्तर अँपिअर-तास परत भरायला वीस-पंचवीस अँपिअरनं तीन-चार तास हवेत, आणि शेवटचा पाचवा हिस्सा तर ती वाटीतल्या गरम दुधासारखी, फुंकर घालत घालत पिते. म्हणजे बॅटरी भरायला गाडी लांब जायला हवी. आणि बॅटरीचा भरवसा नाही म्हणून आम्ही लांब जात नव्हतो. नाशिकचं ठरलं, रद्द झालं. भंडारदऱ्याचं ठरलं, रद्द झालं. “आधी ती बॅटरी नीट होऊ दे,” असं मी म्हणायचो आणि बायको कात्रणाच्या कडेला दुधाचे आकडे लिहायची.

घरच्या प्लगवर का नाही लावत, असं तुम्ही म्हणाल. सोसायटीत राहत नसाल तरच म्हणाल. पार्किंगमधला प्लग सामाईक मीटरवर आहे. मी अर्ज केला. सेक्रेटरींनी उत्तर दिलं की आज तुम्ही बॅटरी लावाल, उद्या कुणी गीझर लावेल. पार्किंगमध्ये गीझर कोण लावणार, हा प्रश्न मी सभेत विचारला आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली. आणि टपावरचं सोलर? ते उत्तम आहे. फक्त आमचं पार्किंग इमारतीच्या पोटात आहे, त्यामुळे पॅनेलवर सात मजले आहेत.

या सगळ्यांत शास्त्रशुद्ध होते ते आमचे शेजारी. दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेतून निवृत्त झाले. पीएच.डी. आहेत म्हणून त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणतात, आणि त्यामुळे नवीन भाडेकरू अधूनमधून त्यांच्याकडे ताप घेऊन जातात. ट्रकवर घडी करून न्यायचे आणि नाल्यावर उलगडायचे लष्करी पूल ज्या संस्थेत घडले, तिथला माणूस माझ्या बाकाखाली वाकून बघत होता, याचं मला दडपण आलं. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती थांबण्याची. गाडी बंद केल्याबरोबर मीटर लावाल तर बॅटरी १२.७ दाखवील, भरलेली असल्यासारखी. ते पाहुण्यांसमोरच्या मुलाचं वागणं. पाहुणे जाऊ द्या, रात्र जाऊ द्या, काही न लावता बॅटरी स्वस्थ पडू द्या, मग सकाळी मोजा. आम्ही सकाळी मोजलं. १२.१. म्हणजे निम्म्याहूनही खाली. (पूर्ण भरलेली १२.७ च्या आसपास, निम्मी १२.२, आणि ११.८ दिसलं की तोंडात तुळशीपत्र.)

मग गाडी चालू करून मोजलं. पुढच्या बॅटरीवर १४.२. मागच्या बॅटरीवर १२.९. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला. “मधले १.३ व्होल्ट कुठे गेले?” हा प्रश्न त्यांनी अशा सुरात विचारला की मी नकळत माझे खिसे चाचपले.

पुढचे दोन आठवडे आम्ही ते शोधत होतो. डॉक्टरसाहेबांनी एका मोठ्या कागदावर दोषांचं झाड काढलं, त्याला तेवीस फांद्या होत्या. आम्ही लाल वायर धरून निघालो. बॉनेटखालच्या बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून चटईखालून, चाकाच्या कमानीवरून, गॅसच्या शेगडीमागून, दुसरा फ्यूज, मग बाकाखाली. प्रत्येक थिंबल काढला, पॉलिश पेपरनं घासला, परत आवळला. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून चालत नाही, त्याला केसाएवढी चीर असू शकते, म्हणून तो काढून तपासला. रिले टक्-टक् वाजत होता, तरी संशयावरून बदलला. जुना रिले निर्दोष निघाला, पण सुटकेनंतरही कुणी त्याला परत कामावर घेतलं नाही. एवढ्या खटाटोपानंतर हाती काय लागलं, तर ०.२ व्होल्ट. १.१ अजून फरार. त्यात डॉक्टरसाहेब ठरल्याप्रमाणे मुलीकडे अमेरिकेला गेले. जाताना झाडाचा कागद माझ्या हवाली करून गेले. सतरा फांद्या खोडलेल्या होत्या.

येरवड्याच्या बाजूला, रस्त्याकडेला, पत्र्याच्या टपरीत एक चाचा बसतात. ऑटो इलेक्ट्रिशियन अशी पाटी कधीकाळी होती, आता तिचं फक्त ‘ऑटो’ उरलंय, त्यामुळे अधूनमधून लोक त्यांना स्टेशनला किती घेणार म्हणून विचारतात. मी त्यांना झाडाचा कागद दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा बघितला आणि त्यावर स्क्रू काढून ठेवायला सुरुवात केली.

त्यांच्याकडे मीटर होता, पण त्यांनी आधी काढला तो जुन्या हेडलाइटचा बल्ब, दोन वायरी जोडलेला. मी म्हटलं, “चाचा, मीटरनं सगळं झालंय.” ते म्हणाले, “साहेब, मीटर नुसतं विचारतो. बल्ब कामाला लावतो.”

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण त्यात सगळं होतं. मीटर वायरीतून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे शंभर तारांतली एक तार जरी शाबूत असली तरी तो बिनघोर बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब पाच अँपिअर मागतो. मग कळतं कोण खरंच देऊ शकतं ते. अडचणीत पैसे मागेपर्यंत सगळे मित्र बारा व्होल्टचेच असतात. चाचांनी लाल वायर आणि मागच्या बॅटरीचा काळा खांब यांच्यात बल्ब धरला. लख्ख पेटला. मग लाल वायर तीच ठेवून दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला लावलं. बल्ब पेटला, पण कसा, तर देवघरातल्या निरांजनासारखा.

“लाल बघितली?”

“पंधरा दिवस.”

“काळी?”

“काळीचं काय बघायचं? ती बॉडीला लावलीय.”

चाचा हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. “गेलेला करंट घरी परत यायला नको का, साहेब?”

आता हे मला शाळेपासून माहीत होतं. वर्तुळ पूर्ण झाल्याशिवाय प्रवाह वाहत नाही, हे मी सातवीत लिहून मार्क मिळवलेत. पण गाडीत काळी वायर परत पुढे नेतच नाहीत. ती जवळच्या पत्र्याला बोल्टनं आवळतात आणि परतीचा सगळा रस्ता गाडीचं अंगच होतं. त्यामुळे तो रस्ता आहे हेच ध्यानात राहत नाही. चाचांनी मीटरची एक तार मागच्या बॅटरीच्या काळ्या खांबाला लावली, दुसरी पुढच्या बॅटरीच्या काळ्या खांबाला, आणि गाडी चालू करायला सांगितली. काळ्याला काळं, तिथे खरं तर शून्य दिसायला हवं. दिसलं १.१. माझा फरार आरोपी.

त्यांनी बाकाखालचा बोल्ट सोडला. थिंबलच्या खाली पांढराशुभ्र, चकचकीत ऑइलपेंट. पत्र्याचा कण दिसत नव्हता. करंट परत यायचा तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, दाटीवाटीनं, लोकलच्या दारातून घुसल्यासारखा.

“हे कुणी केलं?” चाचांनी विचारलं.

मी गप्प राहिलो. आदल्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला गाडी धुतली, आतून पुसली, बाकाखाली बोल्टजवळ गंज दिसला. आयुष्यभर फायली नीटनेटक्या ठेवल्याचा हात. गंज सहन होईना. बोल्ट सोडला, गंज खरवडला, पत्र्याला छान दोन हात पेंट मारला, वाळू दिला, वर थिंबल ठेवून बोल्ट आवळला आणि झेंडूची माळ घातली. त्या दिवसापासून मावशी अर्धपोटी होती. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, “अहो, शस्त्रपूजेला शस्त्रच बोथट करणारे तुम्हीच.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “कसं असतं बघा, तुमचं सगळं लक्ष जायच्या वायरीवर.” ती कपड्यांच्या घड्या घालत होती. प्रत्येक सहलीला जाताना बॅग कोण भरतो आणि आल्यावर ती कोण उपसतं, या विषयावर तिला पुढे बोलायचं असावं, पण ती बोलली नाही. मीही विषय वाढवला नाही.

तिकडे टपरीत चाचा पॉलिश पेपरनं पेंट घासत होते. धातू उघडा पडला, चांदीसारखा. थिंबल आवळून वरून व्हॅसलीन फासलं, म्हणजे गंजही नाही आणि अडथळाही नाही. (हे मी दसऱ्याला करायला हवं होतं: आधी आवळायचं, मग माखायचं.) मीटर लावला. ०.०४. मागच्या बॅटरीवर १३.९. घासता घासता त्यांनी मला सहज विचारलं होतं, “वारी परत कधी येते, साहेब? जाते तेव्हा सगळं पुणं रस्त्यावर असतं. येते कधी ते कळतच नाही.”

मलाही सांगता येईना. चाळीस वर्षं या रस्त्यावर राहतो. घरी येऊन पंचांग काढलं. आषाढी झाली, पौर्णिमेला काला झाला की पालख्या माघारी फिरतात. जाताना अडीच आठवड्यांच्या आसपास लागतात, तेच अडीचशेएक किलोमीटर येताना दहा-अकरा दिवसांत तुडवायचे. मोठे टप्पे, थोडी माणसं, पावसाचे दिवस. परतवारी म्हणतात तिला. सासवड, हडपसर, पुणे आणि वद्य पक्षात, एकादशीच्या सुमाराला, आळंदी. म्हणजे दर वर्षी ती माझ्या गॅलरीखालून जात होती आणि मी वर बसून पेपरात वारीची छायाचित्रं कधीच छापून झाली म्हणून पान उलटत होतो.

बॅटरी मात्र एवढ्यानं सुधारणार नव्हती. आठ महिने उपाशी ठेवलेलं पोट एका जेवणानं भरत नाही. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यानं १८५९ साली शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले आणि सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवले, तेव्हापासून या बॅटरीचा स्वभाव बदललेला नाही. रिकामी होताना तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि भरताना विरघळतं. पण भरलीच नाही तर त्या सल्फेटचे खडे होतात, काकवीत साखर धरावी तसे, आणि मग ते जागा सोडत नाहीत. चाचांनी बॅटरी ठेवून घेतली. डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि दोन दिवस अगदी हळू चार्जिंगला लावली. तिसऱ्या दिवशी हायड्रोमीटरनं एकेका घराचं पाणी ओढून तरंगणारा काटा मला दाखवला. पाच घरांत १२४०. एका घरात १२१०. “हा एक कच्चा राहिला, साहेब. पण चालेल. घरात एक असतोच.” पैसे किती म्हणून विचारलं तर त्यांनी सांगितलेला आकडा मी बदललेल्या रिलेपेक्षा कमी होता. डॉक्टरसाहेबांना मी अमेरिकेत निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं: एकोणिसावी फांदी.

आषाढ वद्यातल्या त्या सकाळी पाऊस भुरभुरत होता. मी गाडी पार्किंगमधून काढून आळंदी रस्त्याच्या कडेला लावली. फ्लेक्स नव्हता. अध्यक्षांना सांगितलंच नव्हतं. बायकोनं गाडीतल्या शेगडीवर चहा ठेवला आणि दोन्ही पंखे लावून दिले, गरज नसताना, बहुधा मला बरं वाटावं म्हणून. चौकातली वाहतूक नेहमीसारखी एकमेकांची चौकशी करत होती. तिच्या कडेकडेनं, प्लॅस्टिकचे कागद पांघरून, माणसं येत होती. टाळ होते पण बहुतेकांच्या गळ्यात लटकलेले. पावलं भरभर पडत होती, घर जवळ आलेल्या माणसाची पडतात तशी.

नऊ मोबाइल आले. नंबर द्यायची गरज पडली नाही. एक आजोबा मात्र मोबाइल हातातच धरून गाडीभोवती एक फेरी मारून आले. मुंडासं ओळखीचं वाटलं, किंवा मुंडाशी सगळी सारखीच दिसतात.

“हीच न्हवं ती, जाताना बसलेली?”

मी हो म्हटलं.

“मग आता?”

“आता परतीचा रस्ता मोकळा केलाय.”

त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मोबाइल लावला, पडद्यावर बॅटरीचं चित्र हलायला लागलेलं पाहिलं, तरी दोन मिनिटं तिथेच खात्री करत उभे राहिले. बायकोनं चहा पुढे केला. या ना आत, बसा, म्हणाली. पलंग आहे, पंखा आहे. त्यांनी चिखलानं माखलेल्या पायांकडे बघून मान हलवली आणि दारातच उभ्यानं बशी तोंडाला लावली. तेवढ्यात मोबाइल वाजला. वायर पुरेना, म्हणून ते अर्धे आत वाकून बोलायला लागले.

“हां, आलोय की. इश्रांतवाडीला हाय. न्हाई गं, मी कशाला बसतोय. फोन बसलाय इश्रांतीला.”